दोन गाठी

यादी तू मार्चमध्येच मागितलीस, आइला. दिली:
काडेपेटी मेणकापडात, आणि पिशवीच्या तळाशी नको.
तळाशी मी ठेवली होती, एकाहत्तरच्या जूनमध्ये.
वर पीठ, पिठाखाली चहा, चहाखाली ओली घोंगडी,
आणि त्या सगळ्याखाली आमचा विस्तव.
रेइनोने त्या रात्री कच्चे ओट्स चावले
घोडा चावतो तसे, माझ्याकडे बघत.

उरलेलं यादीत बसलं नाही.

त्याच सफरीत, चौथ्या मुक्कामाला,
कनू मी भूर्जाच्या मुळीला बांधली. एकच गाठ,
दमलेल्या हातांची, "चालतंय की" म्हणणारी.
पहाटे धुकं. कुठेतरी लून ओरडत होता.
मुळी होती, मुळीवर दोरीचा ओलसर वळ होता,
आणि तलाव इतका रिकामा
की आम्ही इथवर चालतच आलो असणार.

दोन दिवस. कानांमागे काळ्या माश्या.
रेइनो चकार शब्द बोलला नाही, फिनिशमध्येसुद्धा,
जी आमच्या घरात तेव्हा फक्त शिव्यांपुरती उरली होती.
तिसऱ्या दिवशी सापळे लावणारा आल्फी आला मोटरबोटीतून,
मागे आमची कनू, गायीमागे वासरू यावं तशी.
"तुमची?" म्हणाला. मग कॉफी मागितली.
कॉफीसाठी काड्याही त्याच्याच घेतल्या.

तेव्हापासून दोन गाठी.
दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात;
मी ताकाला दोरखंडाने बांधून ठेवायला लागलो.
पंधरा उन्हाळे कनू जागची हलली नाही.
थंडर बेच्या सॉनांत घामाघूम बसून
मी सांगत असे, माणूस चुकांतूनच शिकतो बाबांनो,
आणि निखाऱ्यांवर आणखी एक तांब्या पाणी.

मग ते कोरडं साल.
पलीकडच्या कड्यावर आग दिसली दुपारी तीनला,
चारला ती आमच्याकडच्या शेंड्यांवरून चालत होती.
गाठी भिजून, वाळून, पुन्हा भिजून दगड झालेल्या.
नखं तुटली. दातांनी ओढलं.
"काप!" रेइनो गुडघाभर पाण्यातून ओरडला.
काडेपेटी अगदी वर होती, आइला,
मेणकापडात, कोरडी ठणठणीत.
चाकू होता तळाशी.

शेवटी त्यानेच कुऱ्हाड घातली,
दोरीवर नाही, सरळ मुळीवर.
आम्ही वल्ही मारत सुटलो
आणि हातभर मुळी मागून पाण्यात उड्या मारत आली,
दोन्ही गाठींसकट.
शेडच्या दारामागे आहे ती. तू तिच्यावर रेनकोट टांगतेस.

नकाशावरही माझ्या अक्षरात, लाल पेन्सिलीने,
तिसऱ्या धारेपाशी लिहिलंय: डावीकडून.
उजवीकडच्या खडकाने कनूला पोचा पाडला, त्या रात्री लिहिलं.
खोडू नकोस. पण त्यावर विसंबूही नकोस.
ते जूनचं पाणी होतं.
ऑगस्टमध्ये डावीकडे नदीची नुसती हाडं असतात,
हेही मला डावीकडे गेल्यावरच कळलं.
उतर. काठाने चालत जा. बघ.
बूट ओले होतील, होऊ देत.

आज तुझा पहिला मुक्काम.
मी विस्तवापाशी, तू खाली कनूपाशी,
ओठांत जीभ धरून काहीतरी बांधत होतीस.
इथूनही दिसत होतं, ती गाठ नाही,
गाठीचा नुसता शब्द दिलेला आहेस तू दोरीला.
तोंड उघडलं होतं मी.

पण वारा किनाऱ्याकडे होता,
खाडीत पाणी कमरेएवढं,
आणि दुसरी कनू वाळूवर पालथी, झाडाला बांधलेली.
(एकाच गाठीने. सुटणाऱ्या गाठीने. शिकलोय तेवढं.)

"झालं!" म्हणालीस, हात झटकत वर आलीस.
मी कॉफी ढवळत राहिलो
बराच वेळ.
साखर घातलीच नव्हती.